माठाखालचा उन्हाळा

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण मला सांगायला फार वेळ लागतो. आमच्या घरी म्हणतात, मी ‘आग लागली’ म्हणेपर्यंत राखसुद्धा गार झालेली असते. पण हा घोटाळा इतका माझा स्वतःचा आहे, की तो दुसऱ्या कोणी सांगितला तर मला वाईट वाटेल.

मी धायरीचा. शिक्षण सातवी, तेही मास्तर दयाळू म्हणून. पुण्यातल्या एका विद्यापीठात आयुष्यभर शिपाई होतो. निवृत्त झालो तर पुन्हा कंत्राटावर बोलावलं. पोरं, प्राध्यापक, सगळे मला ‘मामा’ म्हणतात. आमची इमारत जुनी, तीन मजल्यांची. तिसरा मजला थेट गच्चीखाली. एप्रिलमध्ये तिथे बसलं की डोक्यावर कोणीतरी तवा धरल्यासारखं वाटतं. आणि माझं स्टूल कुठे? तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी!

तर एका सकाळी रेवती आली. वर्ध्याची पोर, पीएचडी करणारी. हातात खोकं, खोक्यात सात पांढरे डबे, साबणाच्या वडीएवढे.

“मामा, हे तिसऱ्या मजल्यावरच्या सात खोल्यांत चिकटवते. खोली किती तापते ते हे स्वतःच लिहून ठेवतात. महिनाभराने येऊन काढून नेईन.”

“कशासाठी गं?”

“वीज वाचवायला. गच्चीला पांढरा रंग दिला, वर झरोके पाडले, तर खोल्या गार राहतील, पंखे-कूलर कमी लागतील. पण समितीला आधी पुरावा पाहिजे ना, की खोल्या तापतात म्हणून!”

“अगं, त्याला डबे कशाला? मला विचार की.”

ती हसली. “तुम्हाला कागदावर कसं चिकटवू जी?”

डबे लावून झाल्यावर जाताना तिने मागे वळून एवढंच म्हटलं, “मामा, तुमच्या भरवशावर सोडून चालली. एकही हरवला तर माझं वर्ष गेलं बघा.”

झालं! हे वाक्य माझ्या डोक्यात जाऊन बसलं. पोरीचं वर्ष!

दुसऱ्याच दिवशी परीक्षेला आलेल्या एका पोराने चार नंबरच्या खोलीतला डबा उचकटला, उलटासुलटा केला, कानाला लावला. मी जिन्यावरून ओरडलो. म्हणजे ओरडायला सुरुवात केली. शब्द बाहेर येईपर्यंत त्याने तो बाकावर ठेवून दिला होता. पण माझ्या मनात किडा शिरला. आज बाकावर ठेवला, उद्या खिशात घातला तर?

आता शिपायाची एक सवय सांगतो. आमच्या हवाली वस्तू केली की आम्ही ती पहिल्यांदा कुलपात टाकतो. खडू असो, प्रश्नपत्रिका असोत, पाहुण्यांचा हार असो. उघड्यावर राहिलेली वस्तू म्हणजे शिपायाची अब्रू उघड्यावर. तेव्हा मी सातही डबे काढले, पाठीवर पेन्सिलीने खोलीचा नंबर घातला आणि माझ्या लोखंडी कपाटात ठेवले.

तुम्ही म्हणाल, मग ते खोलीचं तापमान कसं लिहिणार? हे तुम्हाला सुचलं. मला नाही सुचलं. मी म्हटलं, मनगटावरचं घड्याळ खिशात ठेवलं म्हणून काय वेळ दाखवायचं थांबतं? डबे खोलीचे आहेत, खोलीचंच लिहीत असतील. हुशार माणसांच्या वस्तू आहेत त्या!

दुपारी कपाट उघडलं तर डबे कढत. हात लावला तर चटका! मला त्यांची दयाच आली. माझा मोबाइल तापला की बंद पडतो, हे बंद पडले तर? पुन्हा पोरीचं वर्ष!

तळमजल्यावर जिन्याखाली एक अंधारी जागा आहे. तिथे वाळूवर माझे दोन माठ असतात. वाळू ओली, माठांना ओलं गोणपाट, शेजारी लाकडी दाराची बारकी फडताळी, तिचीही किल्ली माझ्याच कमरेला. अख्ख्या इमारतीत त्याच्याइतकी सुखाची जागा नाही. सातही डबे एका पत्र्याच्या डब्यात घातले, झाकण लावलं, फडताळीत माठाच्या बाजूला सरकवून ठेवले. रोज सकाळी माठ भरताना गोणपाटावर पाणी शिंपडायचं आणि झाकण उघडून डब्यांची चौकशी करायची. बारीक हिरवा दिवा लुकलुकताना दिसला की बरं वाटायचं. बाळं झोपलीत जणू!

महिना संपायच्या आदल्या दिवशी सगळे जिथल्या तिथे चिकटवले. नंबर बघून, अगदी सरळ रेषेत. रेवती आली, मोजून घेतले, म्हणाली, “मामा, तुमच्यासारखं माणूस नाही!” मी घरी जाताना बसमध्ये एकटाच हसत होतो.

चार दिवसांनी रेवती आणि तिचे मार्गदर्शक साने सर धावत तिसऱ्या मजल्यावर. साने सर म्हणजे अस्सल पुणेरी; कौतुकही असं करतात, की आपल्याला माफी मागावीशी वाटते.

“मामा, डबे लावतानाचे नि काढतानाचे एक-दोन दिवस सोडले, तर तुमची इमारत एप्रिलमध्ये भर दुपारी चोवीस अंशांच्या वर गेलीच नाही,” सर म्हणाले. “तिकडे नव्या काचेच्या इमारतीत वातानुकूलन लावून आम्ही घामाघूम. आणि तुम्ही इथे महाबळेश्वरात बसलेले. सांगायचं नाही का कोणाला?”

रेवतीचा चेहरा काही खुलला नव्हता. “सर, सातही खोल्यांचं सारखंच कसं? मला काही तरी चुकून राहिलं असं वाटते.”

“चुकतं ते आपलं, यंत्राचं नाही. जुनी माणसं बांधायची ती डोकं लावून. जाडजूड दगडी भिंती!”

मग काय विचारता! बातमी विद्यापीठभर. एक सर आले, म्हणाले चुन्याच्या गिलाव्याची कमाल. दुसरे म्हणाले, मागच्या टेकडीवरून वारा येतो. एक बाई डोळे मिटून व्हरांड्यात उभ्या राहिल्या, कपाळावरून घाम ओघळतोय आणि म्हणतायत, “हो हो, जाणवतोय हं गारवा!” बाहेरून काही पाहुणे आले, त्यांतल्या एका वयस्कर बाईंनी तर बरोबर शाल आणली होती. आणली ती आणली, खांद्यावर घेतलीही!

वीजबचत समितीने ठरवलं, की शुक्रवारी रेवतीने सगळ्यांसमोर अहवाल वाचायचा. त्यानंतर गच्चीच्या पांढऱ्या रंगाचं काम दुसऱ्या इमारतीला द्यायचं, इथे गरजच नाही. आणि तोवर तिसऱ्या मजल्यावरचे पंखे बंद. वीज वाचेल.

पंखे बंद! मी स्टुलावर बसल्या जागी वितळायला लागलो. पण खरं सांगतो, डब्यांवर माझा इतका विश्वास, की मला वाटलं आपल्यालाच काही झालंय. एवढी शिकलेली माणसं गार म्हणतायत आणि मला एकट्याला उकडतंय? म्हणजे दुखणंच!

डॉक्टरकडे गेलो. त्यांनी रक्तदाब तपासला, जीभ बघितली.

“मामा, काही झालेलं नाही. एप्रिल-मे आहे, उकडणारच.”

“हो, पण आमच्या इमारतीत एप्रिल नाही,” मी म्हटलं.

डॉक्टरांनी मला नीट झोप येते का, ते विचारलं.

गुरुवारी संध्याकाळी घरी येऊन ओट्यावर टेकलो. मंडळींनी पन्हं दिलं. आमच्या मंडळी शाळेची पायरी चढलेल्या नाहीत. मी त्यांना माझं दुखणं सांगितलं, डबे सांगितले, चोवीस अंश सांगितलं. सांगता सांगता दिवेलागण झाली.

“आन् ते डबे तुमी महिनाभर ठिवलं व्हतं कुटं?”

“माठापाशी. फडताळीत.”

मंडळींनी पन्ह्याचा रिकामा पेला माझ्या हातातून काढून घेतला. “अवो, मग ते माठाचंच सांगनार की! त्यांना काय सपान पडतंय, वर किती तापलंय त्याचं?”

तुम्हाला खोटं वाटेल, पण मला त्या क्षणी पहिल्यांदा थंडी वाजली.

रात्रभर एकच. पोर उद्या एवढ्या लोकांसमोर उभी राहणार आणि माझ्या माठाचा अहवाल वाचणार! कधीतरी हे उघडकीला येईल, आणि मग बोल कोणाला? मला नाही. तिला. वर्ष सांभाळायला निघालो होतो मी तिचं!

सकाळी पहिल्या बसने गेलो. रेवती सभागृहात तारा जोडत होती, डोळे तांबारलेले.

“रेवती, ते डबे आहेत ना…”

“मामा, आता नाही जी, पाया पडते. सगळे येऊन राहिले.”

“पण ते डबे…”

“छान सांभाळले तुम्ही. खरंच!”

तेवढ्यात सभागृह भरलं. तिसराच मजला, पंखे बंद, सगळे रुमालांनी वारा घेत गारव्याची वाट बघतायत. शालवाल्या बाई पहिल्या रांगेत. रेवती उठली, पडद्यावर पहिलं चित्र आलं, आणि मी दारातून चालत चालत पुढे गेलो. माझा वेग तुम्हाला ठाऊक नाही. पोहोचेपर्यंत अख्खं सभागृह माझ्याकडे बघत होतं.

साने सर हळूच म्हणाले, “मामा, पाणी नंतर.”

“पाण्याचंच आहे सर. माठाचं.”

आणि सांगितलं. पोराने डबा उचकटला इथपासून, कपाट, चटका, ओलं गोणपाट, पत्र्याचा डबा, सगळं. माझ्या चालीनेच सांगितलं. शेवटी म्हटलं, “पोरीची यात काही चूक नाही. तिला शंका होतीच. चूक माझी, आणि थोडी माठाची.”

शालवाल्या बाईंनी शाल काढली, घडी केली, पिशवीत ठेवली.

साने सरांनी चष्मा पुसला. “म्हणजे चुन्याचा गिलावा, टेकडीचा वारा, दगडी भिंती… इतके दिवस आपण सगळे एका माठाचा गौरव करत होतो.” मग मागे वळून म्हणाले, “कोणीतरी पंखे लावा आता. जाणवतोय तो गारवा पुरे झाला.”

मी रेवतीकडे बघायचं टाळत होतो. बघितलं तर ती दोन्ही हातांनी तोंड झाकून हलत होती. मला वाटलं, रडतेय. मी जवळ गेलो. हसत होती! डोळ्यांत पाणी, पण हसत होती.

“मामा, बाप्पा! चार रात्री झोपली नाही मी. सारखे आकडे तपासून राहिली. मला वाटलं, मलाच काही येत नाही!”

मी म्हटलं, “मला वाटलं, मलाच ताप आहे.”

समितीने तिला आणखी एक महिना दिला, तोही मेच्या उन्हातला. या वेळी तिने प्रत्येक खोलीत खिडकीशेजारच्या फळीवर डबे स्क्रूने पक्के केले आणि माझा हात हातात घेऊन म्हणाली, “मामा, काही करायचं नाही. शपथ आहे. फक्त लक्ष ठेवायचं, हात लावायचा नाही.”

नाही लावला हो! महिनाभर डोळ्यांत तेल घालून राखण केली. स्टूल उचलून तीन नंबरच्या खोलीत नेलं, तिथून सगळा व्हरांडा दिसतो. आकडे आले तेही असे, की समितीतल्या कोणी प्रश्नच विचारला नाही. गच्चीचं काम आमच्याच इमारतीला मिळालं.

अहवाल छापायला जायच्या आधी रेवती माझ्यापाशी येऊन बसली.

“मामा, सगळं बरोबर आलं. फक्त तीन नंबरचा डबा रोज दुपारी साडेतीनला एकदम वर चढतो आणि थोड्या वेळाने उतरतो. साने सरांनी त्यावर दोन पानं लिहिली. पश्चिमेच्या उन्हाचा परिणाम म्हणून.”

“रविवारी पण चढतो?” मी हळूच विचारलं.

तिने कागद चाळले. “नाही. रविवारी नाही.” आणखी चाळले. “सुट्टीच्या शनिवारी पण नाही… मामा?”

मी खाली बघितलं. “हात नाही गं लावला. शप्पथ. नुसता बसून होतो राखणीला. पण साडेतीनला कँटीनवाला वाफाळता चहा आणून देतो, आणि ग्लास टेकवायला त्या फळीसारखी जागा नाही.”

तेव्हा तो अहवाल तुमच्या हाती कधी पडला, तर ती दोन पानं जरा जपून वाचा. त्यातलं पश्चिमेचं ऊन म्हणजे मी.