खांबावरचे दिवे

देऊळगाव राजाहून बुलढाण्याला येताना एसटीत माझ्या शेजारी एक काका बसले होते. त्यांच्या मांडीवर लसणाची पिशवी होती आणि नजर सरळ माझ्या मोबाइलमध्ये. भाचीच्या वाढदिवसासाठी मी ठोकळ्यांच्या गेममध्ये एक अख्खं गाव बांधलं होतं. संध्याकाळी ती ते बघणार होती आणि माझ्या गावातले दिवे भर उन्हात जळत होते, अंधार पडला की विझत होते. सगळ्या तारा उपटून पुन्हा टाकल्या, तरी तेच.

"काय बिघडलं, ताई?"

मी सांगितलं. काका गोंधळले.

"यात बिघाड काय हाय? आमच्या गावात असंच राह्यते."

तरी माझा चेहरा पाहून त्यांना राहवलं नाही. त्यांनी चष्मा पुसला, स्क्रीनवर फुंकर मारली आणि जुन्या टीव्हीला मारावी तशी एक टपली दिली. ती नेमकी ऊन ओळखून दिवे चालू-बंद करणाऱ्या ठोकळ्यावर बसली. टपलीने तो ठोकळा उलटा चालतो, हे मलाही माहीत नव्हतं. दिवे विझले.

"गेले काय?" काका घाबरून म्हणाले.

"थांबा जरा."

गेममधला सूर्य मावळला आणि सगळे खांब एकदम उजळले.

काकांनी पिशवी सावरली, डोळे मिटले आणि मोबाइलला हात जोडले. तिन्हीसांजेला घरात दिवा लावल्यावर जोडतात, तसे. खिडकीबाहेर दुपारचं ऊन रणरणत होतं. मीही हात जोडले.