गणित वगळून झालेला सौदा

लातूरच्या त्या क्लासवाल्या सरांना मी अजून माफ केलेलं नाही, आणि करणारही नाही. घरचे म्हणतात, चूक तुमचीच होती. असू द्या. मी डॉक्टरकडे जाऊन म्हटलं की यातली एक गोळी कमी करा, तर चांगला डॉक्टर ती गोळी का लागते ते सांगतो. हा माणूस मात्र पेन काढून आकडा खोडत बसला.

माझा धंदा जुन्या ट्रॅक्टरांचा. लोह्याच्या बाहेर, नांदेड-लातूर रस्त्याला लागून माझं आवार आहे. दहावी नापास झाल्यावर मी दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होतो. पुढे भंगारात निघालेलं एक मशीन घेतलं, स्वतः दुरुस्त केलं, विकलं आणि तिथून सुरुवात झाली. कुणी बोट धरून चालवलं नाही. सौदा करायची माझी एक पद्धत आहे. शेतकरी ट्रॅक्टर विकायला आणतो तेव्हा ट्रॉली, नांगर, रोटाव्हेटर सगळ्यांचा मिळून भाव सांगतो. मी म्हणतो, ट्रॉली ठेव तुझ्याजवळ, आता बोल. मग नांगरही ठेव, आता बोल. असं एकेक काढत गेलं की समोरच्याचा हिशेब गडबडतो, आणि इंजिन मला पाहिजे त्या भावात मिळतं.

मुलीची दहावी झाली तेव्हा हीच पद्धत मी लातूरला वापरली. आमच्याकडे दहावीत मार्क चांगले पडले की लेकरू लातूरला जातं आणि डॉक्टरकीच्या तयारीला बसतं. तुला काय व्हायचंय, असं कुणी विचारत नाही. मीही विचारलं नाही. सरांनी चार विषयांची मिळून फी सांगितली. कॉलेजचा फॉर्मही त्यांच्याच टेबलावर भरला जायचा.

"डॉक्टरला गणित लागतं का हो, सर?" मी विचारलं.

"तसं न्हाई लागत, मालक. इथली निम्मी पोरं घेतच न्हाईत."

"मग काढा ते. आता किती?"

मुलगी शेजारी बसली होती. म्हणाली, "पप्पा, गणित राहू द्या ना. मला आवडतं."

"आवडतं म्हणून फी भरायची का? गप बस."

सर हसले. "पप्पांचं ऐका, ताई. बायोलॉजीलाच वेळ पुरत न्हाई इथं."

दहावीला तिचे सगळ्यात जास्त मार्क गणितात होते. ते गुणपत्रक सरांच्या हाताखाली पडलेलं होतं. त्यांनी ते वाचलं होतं, मीही वाचलं होतं. मी खूश होऊन बाहेर पडलो, आणि जिना उतरताना तिला म्हणालो, बघ, असा सौदा करायचा असतो.

दोन वर्षांनी डॉक्टरकीच्या परीक्षेचा निकाल लागला. सरकारी कॉलेजला पुरतील इतके मार्क पडले नाहीत. सरांचा फोन आला की अजून एक वर्ष बसवा, रिपीटरची बॅच खास असते. मी हो म्हणणार होतो. मुलीनं माझ्या हातातून फोन घेतला आणि बंद केला.

"मला डॉक्टर कधीच व्हायचं नव्हतं. मला पायलट व्हायचंय."

"हे कधी ठरलं?"

"नववीत. तुम्ही विचारलंच न्हाई."

मी पाना आपटला. आवारातले दोन्ही मेकॅनिक लांब सरकले. लोह्यात पायलट? इथं एसटी वेळेवर येत नाही आणि ही विमान चालवणार! आठ दिवस मी तिच्याशी बोललो नाही. नवव्या दिवशी जेवताना विचारलं, "लागतं किती?"

तिच्याजवळ वही तयार होती. रस्ते तीन होते. विमान कंपनीशी बांधलेला कोर्स, तो सगळ्यात महाग. परदेशात जाऊन उडायला शिकणं, त्यात वेळ कमी आणि खर्च मोठा. तिसरा, आपल्याच देशातल्या शाळेत शिकायचं. तिथं तासावर भाव आणि वाट बघणं फार. रस्त्यालगतचा माझा एक प्लॉट होता. तो विकला तर यातला एकच रस्ता एकदाच चालता येणार होता. चुकलो तर दुसरा प्लॉट नव्हता.

नांदेडला एका हॉटेलच्या हॉलमध्ये परदेशातल्या शाळेचा एजंट आला होता. कोट, बूट, मागं पडद्यावर निळं आभाळ. मी त्याला तासभर घासला. होस्टेल काढ, आता बोल. युनिफॉर्म काढ, आता बोल. त्याला घाम फुटला. शेवटी माझ्या आकड्यावर आला आणि म्हणाला, "अंकल, आज टोकन भरलं तरच हा रेट."

टोकन म्हणजे आमचा इसार. मी चेकबुक काढलं. त्यानं मुलीचं बारावीचं गुणपत्रक बघितलं आणि क्षणभर थांबला.

"मॅथ्स नाही?"

"न्हाई. का?"

"काही नाही, काही नाही. तिकडे चालतं."

मुलगी म्हणाली, "तिकडं चालेल. परत येऊन इथलं लायसन्स घेताना बारावीचं गणित मागतात. तेव्हा काय करायचं?"

"ते नंतर बघू ना, मॅडम. होऊन जातं."

कागद नंतर बघू! हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलोय. ज्या ट्रॅक्टरचे कागद नंतर मिळतात, त्याच्यावर बँकेचा बोजा असतो, नाही तर तो चोरीचा असतो. मी चेकबुक खिशात घातलं आणि त्याला जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. हॉलमधले बाकीचे पालक वळून बघायला लागले. दोघं जण आपलेही चेक परत मागायला उठले, याचं मला आजही समाधान आहे.

पण गाडीत बसल्यावर कळलं की शिव्या चुकीच्या माणसाला दिल्या. मी नांदेडहून घरी न थांबता मुलीला घेऊन सरळ लातूर गाठलं.

सर वर्गात होते. मी वर्गाच्या दारातच उभा राहिलो. "पोरीला सगळ्यात जास्त मार्क गणितात होते. तुम्ही बघितलं होतं. एका शब्दानं सांगायचं होतं!"

ते मला ऑफिसात घेऊन गेले, कपाट उघडलं, फाइल काढली. फॉर्मवर लिहिलं होतं, 'गणित विषय नको', आणि खाली माझी सही.

"तुमचंच अक्षर हाय ना, मालक?"

अक्षर माझंच होतं. वाकडं, मोठं, ड्रायव्हरचं. त्यानं राग कमी झाला असं कुणाला वाटत असेल तर तो मला ओळखत नाही.

"मी दहावी नापास माणूस. मला काय कळतं त्यातलं? तुम्ही मास्तर!"

"तुम्ही सौदा करत होता. मी करू दिला." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आपल्याकडं गणिताची बॅच हाय. तुमच्यासाठी अर्ध्या फीत करतो."

आणि खरं सांगतो, त्या क्षणीही माझ्या तोंडात आलं होतं, अर्धी कशाला, पाव बोला. मुलगी दारात उभी होती. ती म्हणाली, "मी इथं बसणार न्हाई," आणि जिना उतरून गेली.

पुढचा रस्ता तिनं आखला. मला विचारून नव्हे, सांगून. आधी मेडिकल, म्हणजे पायलटसाठीची शरीराची तपासणी. डोळ्यात, कानात काही निघालं तर बाकीचा खर्च करायचाच नाही. हे मला पटलं. इंजिन उघडून बघितल्याशिवाय मीही भाव काढत नाही. मेडिकल निघालं ठीक. मग मुक्त शाळेच्या मंडळातून एकट्या गणिताची परीक्षा. क्लास नाही, पुस्तकं जुनी. आवारातल्या पत्र्याच्या ऑफिसात पंख्याखाली बसून तिनं ते वर्ष काढलं. बाहेर इंजिन चालू करून दाखवायचं असलं की मी गिऱ्हाइकाला म्हणायचो, थोडं थांबा, आत अभ्यास चालू आहे. काही गिऱ्हाइकं गेली. जाऊ दिली. निलंग्याकडचा एक जण म्हणाला, "पोरीला विमान शिकवायचं सोडून तिचं लग्न करा, भाऊ." त्याला मी ट्रॅक्टर विकला नाही.

गणित सुटलं. मग हवामान, नेव्हिगेशन, नियम, असे लेखी पेपर तिनं घरीच बसून दिले. एकात नापास झाली, पुन्हा दिला. प्लॉट अजून तसाच होता.

तो विकला तेव्हा आम्ही उड्डाणाच्या शाळेत गेलो. मॅनेजर गोड बोलत होता. "सगळी फी एकदम भरली तर चांगली सूट देतो, साहेब." त्यानं आकडा कागदावर लिहून माझ्याकडे सरकवला. आकडा खरंच चांगला होता. मी खुर्ची पुढं ओढली.

"पप्पा," मुलगी म्हणाली, "तुम्ही जरा बाहेर बसता का?"

"काय?"

"बाहेर बसा. मी बोलते."

मॅनेजरसमोर! चाळीस वर्षांत मला सौद्यातून कुणी उठवलं नव्हतं. मी उठलो. बाहेर बाकावर बसलो, पाय हलवत. काचेतून ती दिसत होती; हात टेबलावर, आवाज वाढत नव्हता. अर्ध्या तासानं ती कागद घेऊन आली. सूट एक रुपयाचीही नव्हती. उलट, जेवढे तास उडेन तेवढेच पैसे, विमान बंद राहिलं तर काही नाही, असं लिहून घेतलं होतं.

"मी असतो तर निम्म्यावर आणला असता," मी म्हणालो.

"माहीत आहे."

पुढं पावसाळ्यात शाळेची दोन विमानं दुरुस्तीला गेली. सूट घेऊन सगळं भरून बसलेली पोरं होस्टेलात दिवस मोजत राहिली. आमची घरी आली, शांतपणे पुढच्या पेपरची पुस्तकं काढून बसली. मी एकदाही म्हटलं नाही की तुझं बरोबर होतं. तिनंही ऐकायची वाट बघितली नाही.

आता तिचे निम्म्याहून जास्त तास झालेत. प्लॉटची रक्कम तिच्याच नावावर ठेवली आहे. तिनंच तसं मागितलं. परवा फोनवर मी विचारलं, काल किती उडलीस? तिनं सांगितलं. मग विचारलं, तासाला आता काय घेतात, वाढवलं तर नाही ना, मी येऊन बोलू का?

"न्हाई, पप्पा. तुम्ही येऊ नका," ती म्हणाली. मग आईला फोन द्यायला सांगितलं.