ओव्याची धुरी
शेजारी बाळंतिणीला ओव्याची धुरी दिली, तो वास खिडकीतून आत आला आणि दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचा मालेगावचा एक नाताळ आठवला. आमच्या मिशन शाळेच्या मास्तरांनी प्रभुजन्माची नवी संगीतकथा रचली होती. कथा कसली, ओळीओळीत जड संस्कृत शब्द आणि त्यांच्यावर पेटीचा गोंगाट. थंडी मरणाची, उघड्या पटांगणात कडब्याचा गोठा, त्यात पांढऱ्या लुगड्यातली मरिया आणि तिच्या मांडीवर एका माळिणीचं खरंखुरं तान्हं. चित्रातल्यासारखं दिसावं म्हणून अगदी उघडं. आम्ही मुली देवदूत होऊन मागे उभ्या. पहिल्याच कडव्याला बाळ रडू लागलं, तसा मास्तरांनी हात उंचावून आम्हाला आवाज चढवायला लावला. पुढच्या खुर्च्यांवर तहसीलदार आणि वकील डोळे मिटून डोलत होते. "काय करुणरस उतरलाय!" वकील म्हणाले. तेवढ्यात मागच्या गोणपाटावरून बाळाची आजी उठली, पाय शेकायला आणलेली शेगडी घेऊन थेट गोठ्यात शिरली, पदराच्या गाठीतला ओवा निखाऱ्यांवर टाकला, बाळाला पदरात गुंडाळलं आणि खुर्च्यांकडे वळून कडाडली, "देव हाये म्हंता ना याले? मंग गानं काय म्हनून राह्यले, पांघरून आना!" पेटी बंद पडली. "सगळा रंग घालवला बाईनं," मास्तर कुरकुरले. तहसीलदारांनी मात्र त्या रचनेबद्दल शाल दिली. मास्तरांना. घसा फोडून गायलेल्या त्या कथेची मला आज एक ओळ आठवत नाही. धुरी लागताच बाळ गप्प झालं, तेवढं आठवतं.