फडक्यातली अक्षता

दसऱ्याच्या सकाळी इंजिनचं हेड आवळून झालं आणि हात पुसायला मी फडकं उचललं, तर त्याच्या घडीत पिवळा डाग दिसला. डागाला तांदळाचा एक दाणा चिकटलेला. अक्षता.

हे फडकं काही दिवस उघड्या इंजिनच्या तोंडात कोंबलेलं होतं. आत खडा, नट, काही पडू नये म्हणून. सकाळी घाईत मी ते ओढून बाजूला फेकलं, ब्लॉक बसवला, हेड चढवलं. बघितलं नाही. घाई हा माझा जुनाच रोग आहे.

गाडी आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची. टू-स्ट्रोक मोटारसायकल, दोन सायलेन्सरची. गुरांच्या दवाखान्यातली सगळी नोकरी त्यांनी तिच्यावर केली, पेठपासून पार आंबेगावच्या डोंगरातल्या वाड्यांपर्यंत. पुढे ती ओतूरच्या आमच्या घरामागे कोंबड्यांच्या ताब्यात गेली. गेल्या वर्षी मी ती कोंबड्यांशी भांडून परत मिळवली आणि पडवीतच इंजिन खोलून बसलो. क्रँक, बेअरिंगं, सगळं नवं केलं. ब्लॉक, म्हणजे ज्याच्यात पिस्टन खालीवर पळतो तो भाग, जुन्नरला लेथवर बोअर करून, म्हणजे आतून घासून मोठा करून आणला. लेथवाल्यानं तो हातात देतानाच सांगितलं, "भाऊ, ह्याच्या म्होरं माप नाय. परत चरा पडला तर गाडी हार घालून ठिवा." दुसऱ्या ब्लॉकसाठी मी कुठं कुठं हिंडलो ते सांगत बसत नाही. तो मिळाला नाही, एवढंच.

तर इंजिन असं उघडं असतानाच खंडेनवमी आली. मी पाने, पकडी, हातोडी धुऊन पाटावर मांडली आणि दिवसभर कशाला हात लावला नाही. त्या दिवशी हत्यारांना सुट्टी असते, माणसानं गुमान बसायचं. पूजा पूर्वी आई करायची. ती गेल्यापासून आबा करतात आणि त्या वेळी कुणाला जवळ फिरकू देत नाहीत.

आबा पडवीत खुर्चीवर बसले होते. मी फडकं त्यांच्यासमोर धरलं.

"आबा, हे काढलं होतं का तुम्ही?"

"काढलं व्हतं की. पूजा काय फडक्याची करायची? आतल्या दांड्याला हळदकुंकू लावलं आन परत झाकलं."

"आणि अक्षता?"

"त्या वरनं टाकल्या, झाकल्यावर. आत एक बी नाय."

"नक्की?"

शब्द तोंडातून सुटला आणि मला माझाच राग आला. वर्षभर आमच्या घरात हा शब्द फार झाला होता. आबा म्हणायचे गोळी घेतली, आम्ही पाकीट तपासायचो. आबा म्हणायचे मोटार बंद केली, मी बॅटरी घेऊन विहिरीवर जायचो. बऱ्याचदा मोटार चालूच असायची, हेही खरं. पण ज्या माणसाच्या शब्दावर लोक आपली गाभण म्हैस सोपवत, त्याला घरात कुणी विचारेनासं झालं होतं. ते फक्त जबडा आवळायचे. आत्ताही आवळला.

बायको दारातून म्हणाली, "उघडा की एकदा. शंका कशाला ठेवायची?"

"तुला काय जातंय बोलायला!" मी तिच्यावर खेकसलो. तिचं चुकलं नव्हतं. आत दाणा असला तर तो वर चढून पिस्टनशेजारी अडकणार, ब्लॉकला चरा पडणार आणि खेळ खलास. पण उघडायचं म्हणजे आबांच्या देखत त्यांना सांगायचं की तुमच्यावर आमचा विश्वास नाही. लोखंडापायी ते करायचं का, एवढाच प्रश्न होता.

मी पाना खाली ठेवला. "आबा म्हणतात नाही, म्हणजे नाही," असं जरा मोठ्यानंच म्हटलं. प्लग लावला, ऑइल मिसळलेलं पेट्रोल ओतलं, गाडी अंगणात घेतली. पाय किकवर ठेवला. सगळ्या जोरानिशी मी पाय खाली दाबणार, एवढ्यात मागून आवाज आला.

"थांब."

आबा उभे राहिले होते.

"उघड ते."

"अहो, तुम्हीच सांगितलंत ना?"

"सांगितलं. पर आता बसल्या बसल्या आठवाया गेलो, तर हात दिसतोय, आन अक्षता कुठं पडल्या ते दिसंना झालंय." ते खांबाला धरून होते. "इंजिन जाईल रं. उघड."

मी उघडलं. नट सोडवले, ब्लॉक उचलला. खालचं पॅकिंग फाटलं, त्याचं काही वाटलं नाही. बॅटरी मारून आतलं क्रँकचं चाक हातानं तसूतसूनं फिरवलं. दांड्यावर हळदीची पुसट खूण होती, बाकी काही नाही. आबांनी आतून गुरांना औषध पाजायची मोठी सिरिंज आणली. आत पेट्रोल सोडून, क्रँक फिरवून, सिरिंजला नळी लावून ते परत ओढून घेतलं आणि स्टीलच्या ताटलीत सोडलं. परत सोडलं, परत ओढलं. ताटलीत नुसतं पेट्रोल. दाणा नाही.

मला इतकं हलकं वाटलं की मी हसलोच. "आबा, एक पण नाही! तुम्ही बरोबर सांगत होता."

"नीट बघ."

"बघितलं. स्वच्छ आहे."

"परत बघ."

त्यांच्यासाठी मी परत बघितलं. काहीच नव्हतं. मग त्यांनी अगदी हळू, मला नाहीच असं, विचारलं, "म्हंजे मी बरोबर व्हतो?"

"हो आबा."

"मग मला का नाय कळलं?"

मी नवं पॅकिंग कापायला घेतलं, मान खाली घालून.

दुपारी गाडी दुसऱ्या किकला सुरू झाली. निळा धूर अंगणभर झाला, बायको पदर नाकाला लावून हसायला लागली, शेजारची माणसं कुंपणाशी आली. मी आनंदानं वळून आबांना हाक मारली. त्यांनी वर बघितलं नाही. पडवीत बसून ते ताटलीतल्या पेट्रोलमध्ये बोट फिरवत होते, अजून दाणा शोधत होते.