मागे चालू असलेलं

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याकडे किस्से आपोआप साठतात. मशीन उघडलं की माणूसही थोडा उघडतो. भाईंदर पूर्वेला, खारीच्या रस्त्यावर माझं छोटं दुकान आहे. येणाऱ्या बहुतेकांची तक्रार एकच: "स्लो झालाय."

कारणही बहुतेक एकच. कॉम्प्युटर चालू केला की न विचारता वीसेक प्रोग्रॅम मागे सुरू होतात. दिसत नाहीत, पण मेमरी खातात. मी त्यांची यादी उघडतो आणि नको ते बंद करतो.

* * *

शिवणक्लास चालवणाऱ्या कदमताईंच्या लॅपटॉपवर तीन अँटीव्हायरस एकदम चालू होते. तिघं एकमेकांनाच तपासत बसले होते.

"तीन कशाला टाकले, ताई?"

"एक भावाने टाकला, एक दिराने, एक जावेच्या मुलाने. कुणाला नाही म्हणणार?"

"एकच ठेवायचाय. कुठला ठेवू?"

ताईंनी बराच विचार केला. "तुम्हीच ठरवा. आणि घरचं कुणी विचारायला आलं तर सांगा, आपोआप उडाले."

* * *

सुरुवातीला मी बिनधास्त बंद करत सुटायचो. समोरच्या झेरॉक्सवाल्या गुप्ताजींचा कॉम्प्युटर असाच हलका करून दिला. दुसऱ्या दिवशी शाळेच्या ॲडमिशनची गर्दी, आणि एक कागद बाहेर येईना. प्रिंटरकडे काम पोचवणारी सर्व्हिसच मी फालतू समजून बंद केली होती. धावत गेलो. रांगेतली माणसं तासभर ताटकळलेली. गुप्ताजी शांतपणे म्हणाले, "भाई, फास्ट तो बहुत हुआ है. बस काम नहीं करता."

फार लाज वाटली. तेव्हापासून प्रत्येक गोष्ट बंद करण्याआधी मी विचारतो.

* * *

साळवीबाई निवृत्त शिक्षिका, एकट्या राहतात. त्यांच्या घरी जाऊन एकेक प्रोग्रॅम विचारत बंद करत होतो. एक सापडला, लांबून दुसऱ्याला हा कॉम्प्युटर चालवू देणारा. म्हटलं, "बाई, हा धोक्याचा असू शकतो. कुणीही आत येईल. काढू?"

"तो मुलाने टाकलाय. बंगलोरला असतो."

तपासलं. परवानगी एकाच नावाला होती, मुलाच्या.

"मग फोनवर सांगा त्यांना, काम असेल तेव्हाच चालू करू."

"आमचं बोलणं नाही. वर्ष होईल आता." मग म्हणाल्या, "मध्ये पेन्शनचा फॉर्म भरत होते. सारखा चुकत होता. एकदम बाण आपोआप हलला आणि बरोबर चौकटीवर जाऊन थांबला. बाजूला एक कोरं पान उघडलं. त्यावर अक्षरं उमटली, 'आई, तिथे नाही. इथे.' फॉर्म पुरा झाला आणि पान बंद झालं."

मी बाकीचं सगळं बंद केलं. म्हटलं, "हा ठेवला तर कॉम्प्युटर चालू व्हायला थोडा जास्त वेळ लागेल."

"लागू दे," बाई म्हणाल्या. "मी बसते."