देवाला पोचलेला नारळ

एका नासक्या नारळानं नरहरीचं नाटक बंद पाडलं, हे सांगितलं तर बाहेरचा माणूस हसेल. रायपूरच्या मराठी मंडळात मात्र तेव्हा कोणी हसलं नव्हतं.

त्याआधी मंडळात नरहरीसारखा नट नव्हता. उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमधून सुटला की धुळीच्या अंगानं सायकलवर थेट तालमीला. आवाज असा, की मागच्या रांगेतला पेंगणाराही दचकून बसायचा. मंडळाचा उन्हाळी नाट्यमहोत्सव भरतो उघड्या मैदानात, आणि मे महिन्यातल्या वावटळीचा काय भरवसा! म्हणून पहिल्या दिवशी पथ्यं फार. रंगमंचावर चप्पल नको, शिटी नको, नटराजासमोर नारळ एका घावात फुटायला हवा. त्या वर्षी मुख्य भूमिका नरहरीची, म्हणून नारळही त्याच्याच हातून. फोडला तर आत काळं खोबरं, आणि ही घाण! त्याच प्रयोगात वावटळीनं मांडव पाडला. झालं. "नरहरीचा हात वाईट," असं कोणीतरी बोललं आणि ते त्याला कायमचं चिकटलं.

मग भूमिका गेल्या. खुर्च्या मांडा, पडदा ओढा. पूजेची वेळ झाली की मात्र हमखास भनपुरीहून बरफ आणायला नरहरीच. त्याला कळत नव्हतं थोडंच? कळूनही जायचा, हेच तर वाईट. मंडळ सोडून जाणार कुठे?

यंदा मंडळाचा सेक्रेटरी श्रीपाद आपण होऊन घरी आला. "नरहरीभाऊ, औंदा नारळ तुमीच फोडा. लय झालं आता."

नरहरीची बायको गोदू चहा गाळता गाळता थांबली. नवऱ्याचे डोळे भरलेले तिनं लग्नानंतर पहिल्यांदा पाहिले. त्यानं बाजारातले नारळ कानाशी हलवून हलवून दुकानदाराचा जीव खाल्ला, तेव्हा कुठे एक पसंत पडला. महोत्सवाच्या दिवशी धोतर नेसून, गोदूला पुढच्या रांगेत बसवून, नारळाची पिशवी त्यानं तिच्या मांडीवर ठेवली.

तेवढ्यात श्रीपाद घाईघाईनं आला. "भाऊ, नवा रायपूरहून मोठे साहेब येऊन राहिले. पन्ह्याले बरफच नाही! तुमी लवकर घेऊन या, तुमी आल्याबिगर पूजा होत नाही."

गोदू म्हणाली, "जाऊ नका."

"अवं, त्यानं शब्द देल्ला ना," म्हणत नरहरी धोतर सावरत निघाला. भोळा बिचारा!

भनपुरीच्या रस्त्यावर ट्रकांची ही रांग. बरफाची लादी पोत्यात गुंडाळून तो परतला, तेव्हा धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं होतं आणि नटराजासमोर साहेब उभे होते. हातात भलताच नारळ. घाव पडला. नारळ फुटला आणि पुढच्या रांगेनं नाकाला रुमाल लावले. आत काळं खोबरं. तीच घाण.

साहेबांचा चेहरा उतरला. पण श्रीपादनं माईक सोडला नाही. "वाह साहेब! नारळ नासका निघाला म्हणजे थेट देवाले पोचला! यापरीस शुभ काय?"

टाळ्यांचा नुसता कडकडाट.

नरहरी खांद्यावरची लादी तशीच धरून उभा. मग त्या जुन्या आवाजात, शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू जाईल असा बोलला, "मंग माहावाला कोनाले पोचला होता, श्रीपाद?"

श्रीपाद दात आवळून म्हणाला, "भाऊ, शुभ वेळेले काहून असं अभद्र बोलता?"

आजूबाजूचे चार जण लगेच माना डोलावून "हव, हव" म्हणाले. या लोकांच्या तोंडाला कीड पडो!

गोदू उठली. नवऱ्याच्या खांद्यावरची लादी तिनं तिथंच खाली टाकायला लावली आणि त्याला धरून बाहेर नेलं. फाटकाच्या दगडावर तिनं पिशवीतला नारळ आपटला. एका घावात दोन भकलं, खोबरं पांढरंशुभ्र. "घ्या, खा," ती म्हणाली.

तेवढ्यात वारा सुटला. मांडवाचं कापड फडफडलं, आत खुर्च्या पडल्या, आणि माईकवर श्रीपादचा आवाज आला, "पाहा! म्हनलं होतं ना, त्या मानसाले आज बोलू द्यायचं नव्हतं!"

खोबरं गोड होतं. नरहरीला ते गिळवेना.