पितळेचा सांधा

नाशिकच्या एका ठाण्यात मी फौजदार होतो, तेव्हाची ही हकीकत. नोकरीतली पुष्कळ प्रकरणं फाईल बंद झाली की डोक्यातून गेली. हे राहिलं. पत्नी गेल्यापासून संध्याकाळी घर फार शांत असतं. पुस्तक हातात घेतलं तरी पान उलटत नाही, म्हणून सवडीने लिहितो आहे. तिला हे प्रकरण आवडायचं. पाहुण्यांना ती मला हेच सांगायला लावायची.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. पावसाळा सरत असताना एक डॉक्टरबाई ठाण्यात आल्या. सुरगाण्याकडच्या डोंगरात त्यांचा दवाखाना होता. लष्करी लिलावातून घेतलेली एक जुनी जीप हाच त्यांचा सगळा आधार. ती जीप चोरीला गेली, असं त्यांचं म्हणणं.

आमच्या हवालदारांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. "बाई, मग ही दारात उभी आहे ती कोणाची?"

"ही माझीच. हिचं पोट चोरलंय."

प्रकार असा होता. अशा जीपला चारही चाकांना जोर देणारा एक वेगळा दांडा असतो. शहरात तो कोणी वापरत नाही, मागच्या दोन चाकांवर गाडी मजेत पळते. बाई बाळंतपणासाठी अडलेल्या एका मुलीला घेऊन नदी ओलांडत होत्या. पाण्यात शिरताना त्यांनी दांडा ओढला आणि पुढची चाकं ढिम्म हलली नाहीत. गावकऱ्यांनी मुलीला झोळीत घालून पलीकडे नेलं. आई आणि मूल दोघंही वाचली. नंतर पुढचा आस, म्हणजे ॲक्सल, उघडला, तर आतली दातेरी चक्रं त्यांच्या बिडाच्या घरासकट, म्हणजे ओतीव लोखंडी कवचासकट, काढून घेतलेली. त्या जुन्या जीपचा हा भाग बाजारात कुठेच मिळत नसे.

"चोराला शिक्षा होईल तेव्हा होईल," बाई म्हणाल्या. "पण डोळे मिटून जीप सोडावी असं एक गॅरेज मला या शहरात हवंय. ते नसेल तर मला डोंगरातला दवाखाना बंद करावा लागेल."

जीप दोनच ठिकाणी जात असे. भद्रकालीत एका मिस्त्रीची पत्र्याची शेड होती, बाई वर्षानुवर्षं तिथेच जात. मध्यंतरी मिस्त्री मुलीच्या लग्नासाठी मालेगावला गेले, तेव्हा स्प्रिंगचे पाटे बदलायला जीप आग्रा रोडवरच्या एका मोठ्या गॅरेजात ठेवली होती. पुढचा आस मात्र आदल्या वर्षी मिस्त्रींनीच उघडला होता. त्यामुळे संशय आधी त्यांच्यावर गेला. आम्ही शेडपुढे एक शिपाई उभा केला, बातमी फुटली आणि लोक शेडमधून आपापल्या गाड्या ओढून नेऊ लागले.

मी मिस्त्रींना ठाण्यात बोलावलं. ते टोपी हातात धरून उभे राहिले. मी बसायला सांगितलं तरी बसले नाहीत.

"आस तुम्ही उघडला होता?"

"उघडला होता, साहेब. बिडाच्या घराला तडा गेला होता. नवं कुठून आणू? पितळ भरून सांधलं."

"तो सांधा दिसतो?"

"ऑइलच्या थराखाली नाय दिसत. रॉकेलनं धुतलं तर सोन्यासारखी रेघ दिसेल, करंगळीएवढी वाकडी. आमचाच हात वाकडा पडला त्या दिवशी."

हवालदार म्हणाले, "चाचा, हात वाकडा पडला हे जबाबात लिहू का?"

"लिहा की. खरं हाय ते." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "साहेब, कोंडायचं तर कोंडा. पण शेडपुढचा शिपाई उठवा. तो उभा आहे तोवर गिऱ्हाईक थांबणार नाय."

मी जबाब शब्दशः लिहून घेतला आणि शिपाई उठवला. खोटं बोलणारा माणूस आपल्या कामातलं वैगुण्य आपणहून सांगत नाही, हा माझा अनुभव होता.

मोठ्या गॅरेजच्या मालकांनी मला चहा पाजला आणि मिस्त्रींविषयी हळहळ व्यक्त केली. मालकांचं दुकान टापटीप होतं, मागे एक बंद खोली होती. झडती घ्यावी तर पुरावा काहीच नव्हता. शिवाय झडती रिकामी गेली असती, तर माल त्याच दिवशी शहराबाहेर गेला असता. मी गप्प राहिलो. मग नवरात्र आलं, निम्मं ठाणं वणीच्या देवीच्या यात्रेच्या बंदोबस्ताला गेलं आणि तपास थंडावला.

खंडेनवमीला आमच्याकडे शस्त्रपूजा असे. हवालदारांनी रायफली पुसून ओळीने मांडल्या होत्या. शेवटी त्यांनी घोडा मोडलेली एक निकामी बंदूक आणून ठेवली.

"हिचं काय काम?" मी विचारलं.

"साहेब, आजच्या दिवशी काही मागं ठेवायचं नसतं. धुवायचं, पुसायचं, पुढं मांडायचं. नाहीतर रुसतं."

मी टेबलावरची टोपी उचलली. मग म्हणालो, "दोन पंच घ्या. आग्रा रोडला जायचंय."

"प्रसादाला?"

"प्रसादालाच."

गॅरेजात उदबत्तीचा वास दरवळत होता. पांढऱ्या चादरीवर जॅक, पाने, हातोडे मांडलेले, प्रत्येकावर हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. मधोमध, पाटावर, एक जड बिडाचं घर आपल्या दातेरी चक्रासह चकचकीत धुऊन ठेवलेलं. मालक पेढ्यांचं ताट घेऊन पुढे आले. हवालदारांनी नमस्कारासाठी वाकून ती वस्तू दोन्ही हातांनी फिरवली. पाठीवर पितळेची वाकडी रेघ होती, करंगळीएवढी.

"हे कुठलं?" मी विचारलं.

"जुनं भंगार, साहेब."

"भंगाराला पाट?" हवालदार म्हणाले.

मालकांच्या हातातलं ताट खाली आलं. ते म्हणाले, "वर्षाचा सण, साहेब. दुकानातली सगळ्यात महागाची वस्तू अंधारात कशी ठेवायची? पूजा झाली की आत नेणार होतो."

मिस्त्रींचा जबाब आधीच नोंदलेला असल्याने आता झडतीला कारण होतं. मागच्या खोलीत आणखी गाड्यांचे भाग सापडले. पंचनामा लिहिताना हवालदारांनी विचारलं, "कुंकू पुसायचं?" मी म्हणालो, "नको. आहे तसं लिहा." त्या दसऱ्याला ठाण्यात इतका आनंद होता की बंदोबस्ताहून परतलेल्या शिपायांना ती गोष्ट पुन्हापुन्हा सांगितली गेली.

कोर्टाच्या हुकुमाने मुद्देमाल बाईंना परत मिळाला आणि मिस्त्रींनी तो बसवला. परतीच्या पावसाने नदी अजून भरलेलीच होती. बाईंनी मला मुद्दाम बोलावलं. त्या स्वतः चालवत होत्या, मिस्त्री शेजारी, मी मागे. काठावर निम्मं गाव जमलं होतं.

पोलिसाला संशय घ्यायला शिकवतात. विश्वास कसा ठेवायचा हे कोणी शिकवत नाही, आणि पुढे मला त्याचीच गरज जास्त पडली. गॅरेज असो की माणूस, पाटी आणि गोड बोलणं यांवरून मी कधी अंदाज बांधला नाही. आपल्या हातच्या कामावर हा स्वतः भार टाकतो का, एवढंच पाहत आलो. ते मी त्या नदीत शिकलो.

पाणी निम्म्या चाकांपर्यंत आलं तेव्हा मिस्त्री म्हणाले, "बाई, इथं थांबवा."

"मधोमध?"

"हां. पार थांबवा. आता दांडा ओढा."

बाईंनी दांडा ओढला. जीप एकदा थरथरली, पुढच्या चाकांनी दगडावर पकड घेतली आणि ती पाणी फाडत समोरच्या चढावर गेली. काठावरून आरोळी उठली. मिस्त्रींनी टोपी काढून गुडघ्यावर झटकली आणि मागे वळून मला म्हणाले, "साहेब, ठाण्याच्या गाडीचा क्लच लय दिवस ओरडतोय. उद्या घेऊन या."

दुसऱ्या दिवशी मी गाडी घेऊन गेलो, तेव्हा शेडबाहेर रांग लागली होती. मी रांगेत उभा राहिलो.